इशाऱ्याचा दिवा

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. प्रीमिअर पद्मिनी, 1986 सालची. रंग पांढरा, निदान एके काळी पांढरा होता. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळ बनावट इटलीच्या फियाट कंपनीची. त्यामुळे पुढे ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, तरी लोक तिला ‘फियाट’च म्हणत राहिले. 2000 सालाच्या सुमारास ही गाडी निघणे बंद झाले आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती फक्त जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. आमची गाडी मात्र अजून कर्जत-चौक रस्त्यावर धावते. तिच्यातूनच मी खालापूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत जातो.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या डॅशबोर्डवरचे छोटे बल्ब बदलले. जाणकाराला हे काम तासाभराचे. मला दोन दिवस लागले.

चालकाच्या समोर काट्यांच्या जवळ हे बल्ब असतात. हिरवा, निळा आणि तांबडा असे त्यांचे रंग. त्यांतले तांबडे महत्त्वाचे. एक ऑइलचा, दुसरा बॅटरीच्या चार्जिंगचा. मराठीत त्यांना इशाऱ्याचे दिवे म्हणतात. ‘इशारा’ हा शब्द तुम्हाला परका नाही. पण उर्दूत आपण तो खूण, संकेत या अर्थाने वापरतो. मराठीत त्याचा अर्थ ‘सावध राहा’ असा होतो. शब्द एकच, पण येथे आल्यावर तो जरा गंभीर झाला आहे.

2004 साली मी नववीत होतो. अब्बांचे कर्जतच्या बाजारात किराणा मालाचे छोटे दुकान होते. गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती, पण मोहल्ल्यात कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले की तीच निघायची. त्या उन्हाळ्यात ऑइलचा तांबडा दिवा त्रास देऊ लागला. गाडी उभी असताना तो लुकलुकायचा, वेग घेतला की विझायचा. अब्बांच्या कपाळावर आठी पडायची. मग जून महिन्यात एके दिवशी तो लुकलुकायचा थांबला. अब्बा खूश झाले. म्हणाले, “पाहिलेस? नवे ऑइल घातले आणि गाडी सुधारली!”

मी त्यांच्या शेजारी बसत असे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, पूर्वी दोन तांबडे दिवे पेटत. आता एकच पेटतो, हे मी पाहिले होते. मी बोललो नाही. अब्बा आनंदात होते आणि खरे सांगायचे तर मीही आनंदात होतो. जो दिवा कटकट करीत होता, तो गेला होता.

जुलैमधल्या एका रात्री दादीला दम लागला. डॉक्टरांनी तपासून पनवेलला न्यायला सांगितले. पाऊस असा की काचेवरची पुसणी चालूनही रस्ता दिसेना. मागे दादी आणि अम्मी, पुढे अब्बा आणि मी. आपाला घरी थांबावे लागले. चौक मागे टाकून आम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने थोडे पुढे गेलो असू. इंजिनातून खडखड असा आवाज आला. तो वाढत गेला, गाडीने एक आचका दिला आणि ती जागीच थांबली. अब्बांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. इंजिन हलेना. मागून दादीच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

वाशीच्या मार्केटला भाजी घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. चालकाने दादी आणि अम्मीला आपल्या शेजारी बसवले. अब्बा मागे भाजीच्या गोण्यांवर बसले. मला रस्त्यालगतच्या ढाब्यावर थांबायला सांगून ते गेले. ती रात्र मी ढाब्याच्या बाकावर काढली. वीज चमकली की पलीकडे इर्शाळगड दिसे आणि अलीकडे आमची गाडी. दादी वाचली. आठ दिवसांनी ती घरी आली.

गाडी ओढून खोपोलीच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथले मिस्त्री काका बोलायला फार शांत. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला, बोटाच्या पेराएवढा बल्ब बाहेर काढला आणि उजेडाकडे धरला. आतली तार तुटलेली होती. “बल्ब उडालाय, साहेब. दिवा पेटणार कुठून?” खाली ऑइल गळत होते. सांगणारा दिवा मात्र आधीच गेलेला.

त्या दिवशी काकांनी मला जे समजावले, ते अजून लक्षात आहे. इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्विच असतो. ऑइलचा दाब नसला की तो दिव्याची वाट जोडतो, दाब आला की तोडतो. म्हणून चावी फिरवताच हा दिवा पेटलाच पाहिजे, कारण इंजिन बंद असताना दाब नसतोच. पेटला नाही, तर त्या स्विचची तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवावी. आता पेटला तर स्विच खराब. तरीही नाही पेटला तर बल्ब, होल्डर किंवा तार पाहावी. चावी फिरवून दिवे मोजायला दोन सेकंद लागतात.

नवा बल्ब चहाच्या एका कपाच्या किमतीचा होता. इंजिनाचे काम मात्र मोठे निघाले. क्रँक घासून घ्यावा लागला, बेअरिंगे बदलावी लागली. घरात पैसे होते ते आपाच्या डी.एड.च्या प्रवेशासाठी ठेवलेले. तेच गेले. आपा एक वर्ष घरी राहिली, दुकानात अब्बांच्या वह्या लिहीत बसली. तिने कधी तक्रार केली नाही. पुढल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला आणि आज ती माझ्यासारखीच शिक्षिका आहे.

तर या सुट्टीत मी बल्ब बदलायला बसलो. बॅटरी धरायला भाचा होता, म्हणजे हातातली बॅटरी. गाडीच्या बॅटरीची ऋण तार मी आधीच सोडवली होती. हे पहिले काम. नाहीतर पाना कुठे टेकला तर ठिणगी उडते. मग कोणती तार कोठे, याचे चित्र वहीत काढले. डॅशबोर्डखाली हात घातला तेव्हा पत्र्याने दोनदा ओरखडले. होल्डर मागून खेचला की बल्बासकट बाहेर येतो. एका होल्डरचा बल्ब चांगलाच होता, फक्त आत हिरवा गंज चढलेला. पॉलिश पेपरने घासला आणि तो पेटला. म्हणून शेजारचा पेटणारा बल्ब आधी तेथे लावून पाहावा, मग दोष कोणाचा हे कळते.

नवा बल्ब जुन्याएवढ्याच वॅटचा घ्यावा. मोठा लावला तर उजेड वाढतो, पण उष्णताही वाढते. दुकानदार एलईडी देत होता. मी चार्जिंगच्या दिव्यासाठी तो घेतला नाही. अल्टरनेटरच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत या बल्बातून जाणाऱ्या विजेनेच चार्जिंग सुरू होते आणि एलईडीतून वीज फारच थोडी जाते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपा आली. मी हात पुसत होतो. त्या जूनमध्ये मी काय पाहिले होते आणि काय बोललो नव्हतो, ते तिला तेव्हा सांगितले. इतकी वर्षे सांगितले नव्हते.

ती थोडा वेळ डॅशबोर्डकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मलाही दिसले असते. पण मला पुढे बसू कोण देत होते?”

मला उत्तर सुचले नाही. तिने दार उघडले, चालकाच्या जागी बसली आणि चावीसाठी हात पुढे केला. गिअर नाही ना, हे मी पाहून घेतले. तिने चावी अर्धी फिरवली.

“एक,” ती म्हणाली. “दोन. आता सुरू करू?”