अजिंठ्याच्या अलीकडचा खानदेश

जळगाव स्थानकावर उतरलेला पर्यटक बहुधा लगेच अजिंठ्याची गाडी शोधतो. जाता-येता खिडकीतून केळीच्या बागा आणि कपाशीची काळी शेते दिसतात. तेवढ्यावर खानदेश पाहिल्याचे समाधान मानून तो परततो. अजिंठा मुळात जळगाव जिल्ह्यात नाहीच. ज्याला खरोखर खानदेश पाहावयाचा आहे, त्याने तीन दिवस हाती ठेवून पश्चिमेची वाट धरावी.

पहिला अर्धा दिवस जळगावलगतच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थाला द्यावा. भवरलालजी जैन यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. मुलांना येथे घाई करू नये.

तेथून चाळीसगाव, आणि पुढे सातमाळ्याच्या पायथ्याशी, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीतील पाटणादेवी. भाविक चंडिकादेवीचे दर्शन घेऊन झाडाखाली शिदोरी सोडतात आणि परततात. या ओसाड वाटणाऱ्या दरीत एके काळी गजबजलेले नगर होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची येथे सत्ता होती. जंगलात उभे असलेले महादेवाचे मंदिर त्यांच्याच काळातील.

याच पाटण्याचा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. 'लीलावती'कार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. (मुक्ताईंचे शिष्य योगी चांगदेव ते वेगळे.) आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी येथे मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. मात्र शेवटी मठाच्या उत्पन्नाचा तपशील येतो, तेव्हा भाषा मराठी होते. बाजारातील खरेदी-विक्रीवर ठराविक वाटा आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यावयाचे. गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवा व्यापाऱ्याच्या आणि तेल्याच्या हिश्श्यावर जळत होता. ज्ञानपंचमीला पोथ्या काढून, पुसून, पूजून ठेवणाऱ्या घरांना या दानाचे मोल निराळे सांगावयास नको.

देवीच्या परिसरातील डोंगरउतारावर 'नागार्जुनाची कोठडी' आहे. नाव कोणतेही पडले असो, लेणे जैन आहे. आत ध्यानस्थ तीर्थंकरमूर्ती आहेत. पावसाळ्यात धबधबे सुंदर दिसतात, पण लेण्याची पायवाट निसरडी होते. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर मार्गशीर्ष-पौष उत्तम. वैशाखात खानदेशचे ऊन कोणाचीही भीड ठेवीत नाही.

चाळीसगावहून धुळे जवळच आहे. पांझराकाठच्या या शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव पायपीट करून जमविलेली दफ्तरे आणि तेथील जुनी शिल्पे पाहण्यास इतिहासाचा अभ्यासकच असावे लागते, असे नाही. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखित पोथ्या जपल्या आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंदींसमोर गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणूनच ती आज घरोघरी वाचावयास मिळतात.

जेवणाचे दोन शब्द. खानदेशचे भरीत प्रसिद्ध आहे. वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य मानणाऱ्यांनी खट्टू होऊ नये. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, त्यावर तेलाची धार आणि दाण्यांची चटणी एवढ्यावर ताट भरते. चटणीत लसूण नको, हे मात्र आधी सांगावे.

तिसऱ्या दिवशी साक्री तालुका. बळसाण्याला श्री विमलनाथ भगवंतांचे तीर्थ आहे. यात्रेकरूंचा ओघ असतो, व्यवस्था असते. गावातच जुन्या दगडी मंदिरांचा समूह आहे, त्याकडे त्या ओघातले थोडेच वळतात. त्याच तालुक्यात भामेर. गावाच्या डोक्यावर किल्ला आणि डोंगरात कोरलेल्या जैन गुंफा. खडक भुसभुशीत, त्यामुळे तीर्थंकरमूर्तींची झीज झाली आहे. मुखावरील रेषा हरपल्या, आसन तेवढे ओळखू येते. पूजा नाही, दिवा नाही. बळसाण्याहून निघालेल्या एखाद्या बसने वाट थोडी वाकडी केली, तर त्या गुंफांत पुन्हा नवकाराचे स्वर घुमतील. डोंगर चढण्यास सकाळीच आरंभ करावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वी उतरून चौविहार साधता येतो.