फडक्यावरचा निळा रंग

फडक्यावर निळा रंग उमटला तेव्हा मला बरं वाटलं होतं. ड्रिलला लावायचं लोकरीचं पॅड आणि कंपाउंडचा डबा आदल्याच दिवशी आणला होता. बॉनेटच्या डाव्या कडेवर अर्धा तास मशीन फिरवून पुसलं, तर पांढरं फडकं निळसर झालं. वर्षानुवर्षांचा मळ सुटतोय असं समजून मी त्याच जागी आणखी जोर दिला. थोड्या वेळानं निळ्याच्या खालून बोटभर लांबीचा करडा पट्टा वर आला. तो प्रायमर होता.

गाडी बाबांची. निवृत्त झाल्यावर 2015 साली त्यांनी घेतलेली, गडद निळ्या मेटॅलिक रंगाची. सांगलीत चार वर्षं त्यांनी ती सांभाळली. पुढे रात्रीचं दिसेनासं झालं तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी पुण्यात, वाघोलीला आली. दोनच वर्षांत मी तिच्यावर ही वेळ आणली, तीसुद्धा रोज तिची काळजी घेत.

तो पट्टा घेऊन मी एका जुन्या पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी सावलीत घेतली, मोबाइलची बॅटरी तिरपी धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. उजेडाभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. बॉनेटवर, टपावर, चारही दारांवर. "साहेब, हे मशीननं झालेलं नाही. हे रोजच्या पुसण्याचं आहे. मशीननं फक्त कडेचा रंग खाल्ला."

मग त्यांनी मला रंग म्हणजे काय ते सांगितलं. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं. झेरॉक्सचा एक कागद जवळपास 100 मायक्रॉनचा असतो. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या कागदाएवढा. चमक त्याची असते आणि ऊनही तोच झेलतो. कंपाउंड ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून सपाट करतं, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. कडांवर थर आधीच पातळ, त्यात पॅडचा सगळा दाब आणि सगळी उष्णता तिथेच एकवटते. अशा गाडीचा रंग फडक्यावर यायला लागला, की क्लिअर कोट संपलेला असतो. मी आनंदानं जोर दिला तो त्या क्षणी.

घरी आल्यावर मी मागचं एकेक आठवत गेलो. रोज सकाळी कामावर निघण्याआधी पिसाऱ्यानं गाडी झटकायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची, हा माझा नेम होता. वाघोलीची धूळ साधी नाही. आमच्या बाजूला खडीच्या खाणी, क्रशर, डंपर. हवेत उडते ती काळ्या दगडाची भुकटी. दख्खनचा हा दगड क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे रोज सकाळी मी गाडीवर दगडाची पूड घासत होतो. गाडी तशीच धुळीची ठेवून रविवारी धुतली असती, तरी तिचं इतकं नुकसान झालं नसतं.

रविवारचं धुणंही तसंच. एका बादलीत कपड्यांची पावडर, त्यातच स्पंज बुडवायचा, त्यातच पिळायचा. चाकाचा चिखल काढलेला स्पंज पुन्हा दारावर. कपड्याचं तेलकट काढायला केलेली ती पावडर बाबांनी जपून लावलेलं वॅक्सही दोन-तीन धुण्यांत घेऊन गेली. पाणी बोअरचं, वेळ दुपारची. तापलेल्या पत्र्यावर पाणी बघता बघता सुकायचं आणि क्षारांची पांढरी वर्तुळं मागे राहायची. ताजी असतात तेव्हा ती पाणी घातलेल्या व्हिनेगरनं निघतात, मग लगेच साध्या पाण्यानं धुवायचं. मी ती आठवडेच्या आठवडे उन्हात भाजू दिली आणि मग घासली. साळुंक्यांची शीट तर नखानं खरवडायचो. त्या विष्ठेतलं आम्ल उन्हानं मऊ झालेल्या क्लिअर कोटमध्ये उतरतं. टपावर तसे तीन खड्डे आजही आहेत. ओलं फडकं पाच मिनिटं शिटेवर ठेवलं असतं तर ती अलगद सुटली असती. हे सगळे डाग लपवण्यासाठीच मी ते मशीन आणलं होतं.

काकांना मी विचारलं, बाकीची गाडी हलकी पॉलिश करून द्याल का? त्यांनी मान हलवली. "आता कमीत कमी हात लावा. जे उरलंय ते टिकवा." बॉनेट नव्यानं रंगवता येईल, पण कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाची सर त्याला येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. काम मिळत असताना असं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

बाबांना मी खरं सांगितलं नाही. फोनवर म्हणालो, पुण्याच्या उन्हानं बॉनेटचा रंग उडालाय. ते एवढंच म्हणाले, "सावलीत लावत जा." हे खोटं मी सात महिने वागवलं. रंगाच्या चुका अज्ञानातून झाल्या होत्या. ही मी जाणूनबुजून केली.

दसऱ्याला ते वाघोलीला आले. गाडीची पूजा करताना हार सरळ करायला वाकले आणि त्यांचा अंगठा नेमका त्या पट्ट्यावर थांबला. दिसतं कमी, पण हाताला समजतं. मी तिथेच सगळं सांगितलं; पिसारा, पावडर, मशीन, फोनवरचं खोटं. ते रागावले नाहीत. बराच वेळ काही बोललेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनीच मला उठवलं. आमच्याकडे आता टँकरचं पाणी, पाइप लावायला बंदी. सांगलीत ते आधी नुसतं पाणी ओतून गाडी तशीच ठेवायचे आणि मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. त्या दिवशी त्यांनी तेच केलं. तांब्या तांब्यानं टपापासून खाली पाणी सोडलं, दगडाची पूड ओघळून जाऊ दिली. मग मी आणलेल्या दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत धुण्याचा मऊ हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली, सरळ रेषेत, वजन न टाकता. चाकांना वेगळं फडकं. जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून नुसता ओढून घ्यायचा, घासायचा नाही. शेवटी वॅक्सचा पातळ हात. आमच्याकडच्या उन्हात तो दीड-दोन महिने टिकतो.

करड्या पट्ट्याशी मी आलो तेव्हा बाबांनी माझ्या हातातून टॉवेल घेतला, तिथलं पाणी टिपलं आणि टॉवेलची स्वच्छ बाजू वर करून परत दिला. "बादलीतलं पाणी गढूळ झालंय," ते म्हणाले, "बदलून आण."