गोल्डन डॉनचा खटला : काही टिपणे

१८ सप्टेंबर २०१३. अथेन्सजवळच्या केरात्सिनीत पाव्हलोस फिसास या ३४ वर्षांच्या रॅप गायकाला रस्त्यात भोसकून मारलं. तो फॅसिझमविरुद्ध गाणारा, मारेकरी ‘गोल्डन डॉन’ या ग्रीसमधल्या नवनाझी पक्षाचा. दहा दिवसांत पक्षाचा सर्वेसर्वा, खासदार निकोस मिखालोलियाकोस गजाआड.

०

वर्षभरापूर्वी, जून २०१२ मध्ये, याच पक्षाचे १८ खासदार निवडून आले होते. देश कर्जात बुडालेला, पगार-पेन्शनला कात्री लागलेली. पक्ष ‘फक्त ग्रीकांना’ धान्य वाटायचा. त्याचीच माणसं रात्री स्थलांतरितांना झोडपायची. जानेवारी २०१३ मध्ये सायकलवरून कामाला निघालेल्या पाकिस्तानी मजुराचा खून झाला. तेव्हा सत्तेला जाग आली नाही. ग्रीक मुलगा गेल्यावर आली. याची बोच राहायलाच हवी.

०

ग्रीसच्या राज्यघटनेत पक्षावर बंदीची तरतूद नाही. म्हणून खटला चालला तो गुन्हेगारी टोळी चालवल्याचा. खुनाच्या रात्री कुणी कुणाला फोन केला, कवायतींच्या व्हिडिओंत कोण दिसतं, हल्ल्याचा हुकूम कुठून सुटतो, याची एकेक कडी कोर्टात जुळवली गेली. साडेपाच वर्षं लागली. पण शिक्षा मतांना नाही, कृत्यांना झाली. हीच वाट योग्य.

०

पाव्हलोसची आई माग्दा फिसा वर्षानुवर्षं सुनावणीला येऊन बसत. डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द सरकारी वकिलांनी म्हटलं, टोळी चालवल्याच्या आरोपातून नेत्यांना मोकळं करा. माग्दा येतच राहिल्या. ७ ऑक्टोबर २०२० ला न्यायाधीशांनी पक्षाला गुन्हेगारी संघटना ठरवलं. दोन्ही हात उंचावून, मुलाच्या नावानं हाका मारत त्या कोर्टाबाहेर आल्या.

०

मिखालोलियाकोसला साडेतेरा वर्षांची शिक्षा. तुरुंग त्याला नवा नव्हता. तरुणपणी तिथंच त्याची गाठ ग्रीसच्या पदच्युत लष्करी हुकूमशहांशी पडली होती. कोठडीत माणूस सुधारतोच असं नाही.

०

निकालाआधीच, २०१९ च्या निवडणुकीत, मतदारांनी पक्षाला ३ टक्क्यांच्या आत रोखून संसदेबाहेर काढलं होतं. पण २०२३ मध्ये गोल्डन डॉनचा एकेकाळचा प्रवक्ता, तुरुंगातल्या इलियास कासिदियारिसच्या पाठिंब्यावर ‘स्पार्टन्स’ पक्षानं १२ जागा मिळवल्या. कोर्ट गुन्हेगाराला आत टाकू शकतं. त्याच्या द्वेषाला मत द्यायचं की नाही, हे मतदारालाच दर निवडणुकीत ठरवावं लागतं.