तेरावी मात्रा

नवा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न फोटोग्राफरला खिसा रिकामा असताना पडत नाही. हातात चार पैसे आले, दिवाळीच्या ऑफर लागल्या, की जुन्या बॉडीतल्या खोडी एकदम दिसायला लागतात. मी पुण्यात गाण्याच्या कार्यक्रमांचे आणि नाटकांचे फोटो काढतो. कॅमेरा निकॉनचा डी७५०, २०१४ साली बाजारात आलेलं मॉडेल. पकडीचं रबर सुटलं होतं, ते परत चिकटवून घेतलंय. मोडच्या चकतीवरची अक्षरं पुसट झालीत. मुंबईला बोरा बाजारात सर्व्हिसिंगला नेला की दुकानदार तो हातात घेण्याआधीच म्हणतो, "एक्स्चेंजमध्ये देऊन टाका साहेब, आता सगळे मिररलेसवर गेले."

आरसा नसलेल्या या कॅमेऱ्यांवर सगळे गेले आहेत खरे. निकॉन आणि कॅनन दोघांचाही जीव आता मिररलेसमध्येच आहे. पण सगळे गेले हे काही मी जाण्याचं कारण होत नाही.

मेगापिक्सेलचा मोह आधी निकालात काढतो, कारण तो सोपा आहे. माझ्या फाइलची लांबी ६०१६ पिक्सेल. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ८२५६. मेगापिक्सेलचा आकडा दुपटीच्या जवळ वाटतो, पण लांबीतली वाढ जेमतेम सदतीस टक्के. माझी फाइल ३०० डीपीआयला वीस इंच रुंद छापता येते, आणि माझे फोटो छापतं कोण? वर्तमानपत्रात तीन कॉलम, दिवाळी अंकात एखादं पान, संस्थेची स्मरणिका. बाकी सगळे मोबाइलवर बघतात. वर त्या फुगलेल्या फायलींसाठी हार्ड डिस्क घ्यायच्या त्या वेगळ्याच.

आयएसओ ३२०० ला मागच्या काळ्या पडद्यात दाणा दिसतो, हे मान्य. पण २.८ च्या झूमऐवजी ८५ ची १.८ लावली की सव्वा स्टॉपहून जास्त प्रकाश आत येतो. नव्या बॉडीच्या किमतीपुढे ही लेन्स किरकोळ आहे.

खरा प्रश्न आवाजाचा.

नाटकात तो फारसा येत नाही, कारण जाहिरातीचे फोटो बहुतेक वेळा रंगीत तालमीतच काढले जातात आणि तिथे खटखट कुणी मनावर घेत नाही. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपातही चालून जातं. पण पन्नास-साठ माणसांची घरगुती बैठक, माइक नाही, गायक चार हातांवर बसलेला, विलंबित ख्याल नुकता सुरू झालेला. माझ्या डीएसएलआरमध्ये बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटरचे पडदे सरकतात, आरसा खाली येतो. त्या शांततेत हे ताट पडल्यासारखं ऐकू येतं. एका तबलावादकांनी चहाच्या वेळी मला हसत हसत सांगितलं, "दादा, एकताल बारा मात्रांचा. तेरावी तुमच्या कॅमेऱ्याची."

यावर जुनी माणसंही उपाय शोधत आलीत. सिनेमाच्या सेटवर स्थिरचित्रण करणारे कॅमेरा चक्क ध्वनिरोधक पेटीत घालत, ब्लिम्प म्हणत त्याला. लायकाचं शटर हळू बोलतं म्हणून नाट्यगृहात तो कॅमेरा लोकांना प्रिय होता. माझा उपाय गरिबाचा. डी७५० मध्ये 'क्यू' नावाचा मोड आहे. त्यात बटण दाबून धरलं तर आरसा वरच थांबतो आणि बोट उचललं की खाली येतो. म्हणजे आवाजाचे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा तबल्याच्या ठेक्यात दडवायचा, बोट तसंच दाबून ठेवायचं, सम आली, "क्या बात है" झालं, की त्या दादेत बोट सोडायचं. ताल कळत असेल तर जमतं. न कळणाऱ्याने निदान श्रोत्यांच्या मानांकडे लक्ष ठेवावं.

पण ही युक्ती समेच्या आसपासच चालते, आणि समेवरचा चेहरा तर सगळ्यांकडेच असतो: हात उंचावलेला, डोळे मिटलेले. मला हवा असतो त्याआधीचा. ठेका अजून लागलेला नाही, गायक एका स्वराभोवती घुटमळतोय, भुवया किंचित आक्रसल्या आहेत, मागे तानपुरेवाली मुलगी त्याच्याकडे बघतेय. तिथे दडायला ठेका नाही आणि दादही नाही. तो फोटो माझा कॅमेरा मला काढू देत नाही. बाकीची सगळी कारणं सवडीची. हे एकच कारण असं आहे की ज्यासाठी पैसे मोजावेत.

म्हणून एका बैठकीसाठी निकॉनचाच मिररलेस झेड ६ मार्क टू भाड्याने आणला. सायलेंट मोड लावला आणि खरोखरच काही म्हणजे काही ऐकू येईना. आलापातले चेहरे मनासारखे मिळाले. मग यजमानांनी मंचावरचे हौसेचे एलईडी लावले आणि फोटोत आडवे पट्टे उमटले, एक उजळ, एक काळपट. असं का होतं ते समजून घ्यायला हवं. सायलेंट मोडमध्ये पडदा सरकत नाही, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि या वर्गातल्या कॅमेऱ्यात त्याला सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. एक फ्रेम वाचून होईपर्यंत दिवा चार-पाचदा मंदावतो, तेवढे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखा प्रकाश येतो आणि पट्टे जातात. पण मंद केलेले रंगीत एलईडी आपल्याच लयीत लुकलुकतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. शिवाय द्रुत लयीत तबल्यावरची बोटं वाकडी येतात, कारण वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

यातून सुटायचं तर झेड ८ किंवा झेड ९. त्यांचा सेन्सर इतक्या झपाट्याने वाचला जातो की झेड ९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. बाजारात आले तेव्हा दोघांचीही किंमत तीन लाखांच्या वर होती. बैठकीच्या फोटोंचं मानधन काय मिळतं ते मी इथे लिहीत नाही.

आणि एक अडचण जाहिरातीत नसते. माझी १८० एमएम २.८ डी ही जुनी लेन्स स्वतः फोकस करत नाही; बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने तिला फिरवते. मिररलेसला जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसेल, उघडझाप करेल, फोकस मात्र हाताने. मागच्या रांगेतून गायकाचा चेहरा ही लेन्स जसा आणते तसा माझी झूम आणत नाही. बॉडी बदलायची म्हणजे हिच्यावर पाणी सोडायचं किंवा रिंग फिरवत बसायचं.

सध्या माझं ठरलंय ते असं. डी७५० विकायचा नाही. नाटक, मोठे मंडप, १८० ची कामं त्याच्याकडे. बैठकीचं बोलावणं आलं की मिररलेस भाड्याने, भाडं बिलात वेगळं, आणि यजमानांना आदल्या दिवशी फोन: रंगीत दिवे नकोत, साधे पिवळे बल्ब ठेवा. गाणाऱ्यालाही तेच बरे वाटतात. भाड्याची बेरीज एका सेकंडहँड बॉडीच्या किमतीला भिडली की घेईन, पण झेड ८ च. मधलं काही नको.

तुम्हीही या विचारात असाल तर दुकानाच्या काउंटरवर चार क्लिक करून ठरवू नका. एक दिवस कॅमेरा भाड्याने घ्या, तुम्ही नेहमी काम करता त्या हॉलमध्ये न्या, तिथले दिवे लावायला सांगा, सायलेंट मोडमध्ये शटर १/२०० वर ठेवा आणि पट्टे मोजा.