डाग आणि वण

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जो कोणी कॅमेरा अथवा मोबाईल घेऊन जातो, तो बहुधा एकाच प्रकारची निराशा घेऊन परततो. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, जो बंधारा बांधला गेला त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभे राहिलेल्याच्या समोर पाण्याचा पडदा उतरतो. डोळ्यांना आतली कमानही दिसते आणि बाहेरचे पाणीही. कॅमेऱ्याला मात्र दोहोंपैकी एकच साधते. कमान दिसली तर पाणी पांढरेफटक होते, पाणी साधले तर कमान काळोखात जाते.

यावर उपाय आहे. कॅमेरा न हलवता दोन छायाचित्रे घ्यावीत, एक आतल्या अंधारासाठी आणि एक बाहेरच्या उजेडासाठी. मग संगणकावर ती एकावर एक ठेवून वरच्या थराला मास्क लावावा आणि नको तेवढा भाग काळ्या रंगाने झाकावा. खालच्या थरातले पाणी तेथे उमटते. हेच एकाच छायाचित्रावर करू पाहाल तर मात्र हाती काही लागणार नाही. जे पूर्ण पांढरे झाले, त्यात उजळाची मात्रा कमी केल्याने केवळ राखाडी रंग येतो. पाण्याच्या रेषा येत नाहीत, कारण त्या टिपल्याच गेलेल्या नसतात. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलींच्या पांढऱ्या झग्यांचे भर उन्हातले फोटो ज्यांनी काढले आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल.

आम्ही यासाठी गिम्प हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतो. बर्कले विद्यापीठातील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचे काम १९९५ साली आरंभिले. ते जरा हट्टी आहे. नवशिक्याची पहिली तक्रार असते, "ब्रश चालतच नाही." दहापैकी नऊ वेळा कोठेतरी एक छोटीशी निवड, सिलेक्शन, तशीच राहिलेली असते आणि ब्रश तेवढ्याच चौकटीत चालतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही बटणे एकत्र दाबली की ती सुटते. नाहीतर आपण भलत्याच थरावर काम करीत असतो. दुसरी तक्रार, "सेव्ह केले तरी फोटो व्हॉट्सॲपवर जात नाही." २०१२ सालच्या आवृत्तीपासून 'सेव्ह' म्हटले की थरांसह एक्ससीएफ फाईल होते, जेपीईजी हवी तर 'एक्स्पोर्ट' म्हणावे लागते. लोक यावर चिडतात. आम्हाला मात्र ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. जेपीईजी दर वेळी नव्याने साठवताना थोडी झिजते. मूळ फाईल आणि थर वेगळे राहिले तर वर्षानंतरही परत जाता येते.

मराठी मजकुराचे दुखणे आणखी निराळे. वाढदिवसाच्या पत्रिकेवर 'ख्रिस्त' लिहावे आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसावी, जोडाक्षर फुटावे! फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांना चालणारा पर्याय निवडल्यावाचून हे थांबत नसे. गिम्पमध्ये युनिकोड मराठी सहसा सरळ उमटते.

पण ज्या कामामुळे आम्ही हा छंद गंभीरपणे घेऊ लागलो, ते काम धबधब्याचे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. या परिसरात आजही अशी घरे आहेत, जेथे गेलेल्या माणसाचा एकच फोटो उरला आहे. ढिगाऱ्यातून काढलेला, ओलाव्याने डागाळलेला, मधोमध दुमडलेला.

असाच एक फोटो एका वृद्ध मावशींनी आमच्यापुढे ठेवला. त्यांच्या लग्नाचा, कृष्णधवल, तळहाताएवढा. सोबत नातवाने मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमधून काढलेली नवी प्रतही होती. तीत चेहरा स्वच्छ, डोळे पाणीदार, एकही डाग नाही. मावशी म्हणाल्या, "दादा, पोरानं लई मेहनत घेतली. पर हे आमचे मालक न्हवंत."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांच्या पतीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते आणि ॲपने ते ओलाव्याचे डाग समजून पुसले होते. अशी यंत्रे असंख्य चेहरे पाहून शिकलेली असतात. जेथे चित्र पुसट असते तेथे 'सहसा काय असते' ते ती भरतात. सहसा जे असते ते एका विशिष्ट माणसाचे कसे असणार?

आम्ही मूळ फोटो ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावा, याचे कारण आहे. ओलाव्याचे पिवळे-तपकिरी डाग निळ्या प्रकाशात गडद दिसतात आणि लाल प्रकाशात जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून तिन्ही रंगांपैकी केवळ लाल भाग वेगळा काढला की निम्मे काम आपोआप होते. वण मात्र राहिले. ते रंगाचे नव्हते, छाया-प्रकाशाचे होते. डाग आणि वण असे वेगळे झाले तेव्हा आम्हाला झालेला आनंद येथे लिहून दाखवता येणार नाही.

उरलेले बारीक ओरखडे हील साधनाने एकेक करून भरले, त्याला चार संध्याकाळी लागल्या. प्रश्न राहिला डाव्या डोळ्याचा. घडी तेथूनच गेली होती आणि कागदावरचा थरच उडाला होता. उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवण्याची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. आम्हाला ती पटत नाही. प्रकाश एका बाजूने आलेला असतो, उलट्या डोळ्यातली चमक भलतीकडे जाते. शिवाय कोणाचेही दोन डोळे सारखे नसतात. आम्ही मावशींना विचारले. त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "जे गेलं ते ऱ्हाऊ द्या." तेवढा कोपरा आम्ही आजूबाजूच्या करड्या छटेत मिसळून सोडला, घडीची पुसट रेघ जवळून पाहिल्यास दिसते.

पाच बाय सातची प्रत काढण्यास स्टुडिओत गेलो, तेव्हा तेथील तरुणाने सवयीने चेहरा गुळगुळीत करायला माऊस हाती घेतलाच होता. त्याला थांबवले. तेव्हापासून असे काम छपाईला देताना पाकिटावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहितो : ऑटो करेक्शन नको, चेहऱ्याला हात लावू नये.