दुसरे घड्याळ

आमच्या बैठकीत दोन घड्याळे आहेत. एक अकोल्याची वेळ दाखवते, दुसरे न्यू जर्सीची. दुसरे आईने लावून घेतले होते. नातू, म्हणजे माझा मुलगा, तिकडे गेल्यापासून ती त्यात पाहूनच फोन लावीत असे. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहाचा. मार्च आणि नोव्हेंबर आला की मला स्टुलावर चढवून ती काटे फिरवून घेई.

मुंबई ते नेवार्क हे अंतर आकाशमार्गाने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. येताना तास-दीड तास कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे विमानाला मागून रेटतात. हे सारे मला पाठ होते. जन्मभर जुन्या कापड बाजारात गादीवर बसलेल्या माणसाचा हिशेब चुकणार कसा?

फेब्रुवारी 2024 मध्ये तो चुकला. डॉक्टर ‘दोन-तीन दिवस’ म्हणाले, तेव्हा मी मुलाला लगेच कळवले नाही. त्याची नोकरी नवी होती. शिवाय पंधरा तासांत तर तो येतो, असे धरून एक रात्र थांबलो. तिकीट मिळणे, विमानतळावर काही तास आधी पोहोचणे आणि मुंबईपासून पुढचे रेल्वेचे सुमारे 580 किलोमीटर, यांतले काहीच मी धरले नव्हते.

आई सकाळी अकराला गेली. मुलगा तेव्हा विमानात होता. दुपारी साडेबाराला तो मुंबईत उतरला. आमच्या शिवणीला विमानतळ आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. नागपूरला उडून मोटारीने अडीचशे किलोमीटर मागे यावे, तरी रात्रच झाली असती. अंत्यसंस्कार सूर्यास्तापूर्वी व्हावेत अशी घरची रीत. ‘चला’ मीच म्हणालो. मुलगा संध्याकाळच्या गाडीत बसला आणि पहाटे अकोला स्थानकावर उतरला. त्याने मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. 72 आसनांचे विमान, पावणेदोन तासांचा प्रवास, सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. बातमी वाचून मी पेन्सिल घेतली. दुपारी अडीचला मुंबई, सव्वाचारला बेलोरा, तेथून मोटारीने अकोला दोन तास. म्हणजे सव्वासहा. फेब्रुवारीत सूर्यही त्याच सुमारास मावळतो. कागद फाडून टाकला.

गेल्या दिवाळीत मुलगा याच विमानाने आला. मी बेलोऱ्याला घ्यायला गेलो होतो. घरात शिरताच त्याची नजर भिंतीकडे गेली. दुसरे घड्याळ तासभर मागे होते. आई गेल्यापासून त्यात सेल घातले जात होते, काटे मात्र कोणी फिरवले नव्हते. त्याने स्टूल ओढून वेळ बरोबर केली.

“पंधरा दिवसांनी पुन्हा फिरवावे लागेल,” मी म्हणालो.

“फोन करीन,” तो म्हणाला, “तेव्हा तुम्ही चढा, बाबा. स्टूल मात्र आईला धरायला सांगा.”