पाय कशाला?

परवा माझ्या हातून एक अपराध घडला. अपराध तसा किरकोळ. शिक्षकाच्या पेशात तो दिवसातून दोनदा घडतो आणि कोणी तक्रारही करीत नाही. पण या वेळी तो घरात घडला, आणि घरातली तक्रार तोंडाने होत नसते, दार लावून होते.

आमची कन्या अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. तिच्या टेबलावर रसायनाच्या पुस्तकाखाली दडवलेली एक वही मला दिसली. मला वाटले, कविता असतील. मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय वाटणार? उघडून पाहतो तो आत एका अजस्र यंत्रमानवाची चित्रे, बाणांनी दाखवलेली मापे, एका चिमुकल्या लढाऊ विमानाचे उभे-आडवे छेद आणि पानेच्या पाने आकडेमोड! 'गंडम' नावाच्या जपानी चित्रमालिकेतील यंत्रांचा तो हिशेब होता. नावावरूनच कोणीतरी कोणाला तरी गंडवीत असावे अशी माझी खात्री झाली. मी हसलो आणि म्हणालो, "अगं, जे विमान कधी उडालंच नाही, त्याच्या टाकीत इंधन किती मावेल याचा हिशेब करून कोणाचं भलं होणार?"

ती काही बोलली नाही. वही उचलली, खोलीत गेली, दार लागले. पुढे पंधरा दिवस टेबलावर नुसते रसायनशास्त्र दिसत होते.

मला ते लागले, पण जरा वेगळ्या कारणाने. वर्गात तास संपताना "काही शंका?" असे मी नेमाने विचारतो. साठ माना नेमाने खाली जातात. फार तर एखादा धीट मुलगा विचारतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" वीस वर्षे मी शंकेची वाट पाहत उभा आहे, आणि घरात शंकांची अख्खी वही सापडली तेव्हा मी हसलो!

प्रायश्चित्त म्हणून मी ती मालिका पाहायला घेतली. तिचे 43 भाग आहेत. योशियुकी तोमिनो हे दिग्दर्शक. यंत्रांची रूपे कुनिओ ओकावारा यांनी रेखाटली. एप्रिल 1979 मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर ती सुरू झाली. माणसे पृथ्वी सोडून अवकाशात प्रचंड नळकांड्यांमध्ये वस्ती करून राहिली आहेत, आणि त्यातली एक वसाहत पृथ्वीविरुद्ध युद्ध पुकारते, अशी कथा. ही नळकांडी हवेत बांधलेली नाहीत. जेरार्ड ओ'नील या प्रिन्स्टनच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1974 मध्ये अवकाशातील वसाहतींची योजना गंभीरपणे मांडली होती. म्हणजे पाया शास्त्राचा. पण त्या पायावर उभा कोण? तर दोन हात, दोन पाय असलेला 18 मीटर उंचीचा पोलादी वीर!

एके रात्री जेवताना पानाकडे पाहतच मी विचारले, "काय गं, त्या गंडमला पाय कशाला? अवकाशात चालायला जमीन कुठे असते?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. मी पुन्हा थट्टा करतो आहे की काय, याचा ती अंदाज घेत असावी. मग म्हणाली, "खरं कारण सांगू का चाहत्यांचं सांगू?"

खरे कारण दुकानातले होते. मालिकेचा खर्च खेळणी विकणाऱ्या कंपनीच्या जिवावर चालला होता, आणि खेळण्यांच्या दुकानात यंत्रमानव खपतो. तरीही प्रेक्षक पुरेसे मिळेनात. 52 भागांचा बेत 43 वर आटोपून जानेवारी 1980 मध्ये मालिका गुंडाळली गेली. मग जुलैमध्ये बांदाई कंपनीने त्याच यंत्रांचे जोडून उभे करायचे प्लॅस्टिकचे संच काढले. मूळ मापाच्या एकशेचव्वेचाळिसाव्या हिश्शाचा, साडेबारा सेंटिमीटरांचा गंडम तीनशे येनला मिळू लागला, आणि मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. पडद्यावरची वस्तू माणूस नुसती पाहतो, हातात आलेली मोजू लागतो.

"आणि चाहत्यांचं कारण?"

"या खुर्चीत बसा."

माझ्या फिरत्या खुर्चीत तिने मला बसवले, पाय अधांतरी धरायला लावले आणि म्हणाली, "आता दोन्ही हात झटक्यात डावीकडे फिरवा." फिरवले. खुर्ची आपसूक उजवीकडे वळली! उंचावरून सुटलेले मांजर अधांतरी अंग वळवून पायांवर पडते, तेही याच जातीच्या नियमाने. 1981 मध्ये 'गंडम सेंचुरी' नावाचे पुस्तक निघाले. मालिकेवर जीव असलेल्या विज्ञानप्रेमी लेखकांनी त्यात तिच्या विश्वाचे शास्त्र रचले. अवकाशात वळायचे तर इंधन जाळावे लागते. पण जड हातपाय झटकून यंत्राला इंधनाशिवाय तोंड फिरवता येईल. म्हणून पाय! या युक्तीला 'अँबॅक' असे नाव मिळाले आणि पुढे गंडमच्या विश्वात ते कायमचे रूढ झाले. दुकानदाराने लावलेल्या पायांना चाहत्यांनी असे काम लावून दिले.

मला चेव आला. मीही कागद ओढला. माणूस 1.8 मीटर, वजन 70 किलो. गंडम दसपट उंच, म्हणून वजन 700 किलो. "आणि हे लोक रिकाम्या गंडमचं वजन 43.4 टन सांगतात? शुद्ध अतिशयोक्ती अलंकार!"

कन्या पोट धरून हसली. "बाबा, लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही दहापट! म्हणजे हजारपट. हाडामांसाचा असता तरी 70 टन भरला असता. हा पोलादी असून माणसापेक्षा हलका. सामानासुमानासकट 60 टन, तरी पाण्यात टाकला तर तरंगेल. आणि मालिकेत तो पाण्याखाली जाऊन लढतो!" योकोहामा येथे डिसेंबर 2020 ते मार्च 2024 पर्यंत खराखुरा 18 मीटरांचा, हातपाय हलवणारा गंडम उभा होता. त्याचे वजन सुमारे 25 टन, आणि त्याला कमरेपाशी मागून आधार द्यावा लागला होता, हेही तिनेच सांगितले.

असल्या शंका वाया जातात म्हणावे, तर तेही खरे नाही. केओ विद्यापीठात शिकलेला शोजी कावामोरी हा तरुण याच पिढीचा. 1982 च्या 'मॅक्रॉस' मालिकेत त्याने अमेरिकेच्या एफ-14 विमानावरून एक लढाऊ विमान रचले. तेही यंत्रमानव होते, पण त्याचे पाय कुठून तरी उगवत नाहीत. विमानाची दोन इंजिनेच खाली वळून पाय होतात. 'पाय कशाला?' या शंकेचे इतके देखणे उत्तर मी क्वचितच पाहिले असेल.

खुर्चीत फिरता फिरता मला म्हाइंभट आठवले. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करीत ते माणसामाणसापाशी गेले, आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे 'स्थानपोथी'त स्वामी कोठे राहिले, कोठे बसले, त्या जागांची दिशांसकट नोंद झाली. तिथे भक्ती होती, इथे छंद आहे. दोहोंची बरोबरी मी करीत नाही. पण ज्यावर जीव जडला त्यातली एकही गोष्ट मोघम राहू नये, ही तळमळ मला ओळखीची वाटली. वर्गात मी तिचे गोडवे गातो. घरात ती मला ओळखता आली नव्हती.

"पोळ्या निवताहेत," अशी आतून तिसऱ्यांदा हाक आली. कन्या उठली, पण स्वयंपाकघराकडे न जाता खोलीत गेली आणि वही घेऊन आली. मी हसलो होतो ते पान तिने उघडले. गंडमच्या पोटात घडी होऊन बसणाऱ्या सुमारे साडेआठ मीटरच्या त्या विमानाचे ते पान. पंख मिटले, नाक दुमडले, की टाकीला जागा किती उरते?

"शेवटचा भाग पाहिलात?" तिने विचारले.

मी पाहिला होता. युद्धात ओढला गेलेला तो मुलगा सुरुवातीला पंधरा वर्षांचा आहे. शेवटी गंडम मोडून पडतो आणि पोटातले ते विमान घेऊन तो एकटा अंधारातून आपल्या माणसांकडे निघतो.

"मग?" ती म्हणाली. "टाकीत इंधन नसतं, तर तो परत कसा आला असता?"

वही तिने माझ्यापुढे सरकवली. एका बेरजेखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले होते. चष्मा पुसून मी ती बेरीज पुन्हा करायला घेतली.